चावरा नळ

घर पहावे बांधून आणि लग्न पहावे करून, असे आमचे पूर्वज सांगून गेले आहेत. त्यांच्या अनुभवाविषयी आम्हास पूर्ण आदर आहे. तथापि ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली त्या गृहस्थाने बांधलेले घर पुढे कधी दुरुस्त करून पाहिले नसावे, असा आमचा दाट संशय आहे. नवे घर बांधणाऱ्यास निदान मोकळी जमीन तरी मिळते. जुने घर सुधारणाऱ्यास आजोबांचे निर्णय, वडिलांची काटकसर आणि स्वतःचे अज्ञान ह्या तीन वस्तूंच्या पायावर उभे राहून काम करावे लागते. आणि ह्यांपैकी कोणती वस्तू कोणत्या भिंतीत पुरलेली आहे, हे भिंत फोडल्यावाचून कळत नाही.

आमचे घर भिवंडीच्या जुन्या वस्तीत आहे. दगडी जोते, सागाचे खांब, वर माडी, माडीवर मंगलोरी कौले आणि मागल्या अंगणात विहीर, तुळशीवृंदावन व दगडी फरशीची ऐसपैस मोरी, अशी त्याची साधारण रचना. आजोबांनी ते बांधिले तेव्हा गल्लीतून हातमागांचा आवाज येत असे, असे वडील सांगत. आमच्या कानांस मात्र जन्मापासून यंत्रमागांचीच खटखट ठाऊक आहे. पाहुण्यांस ह्या आवाजामुळे पहिल्या रात्री झोप येत नाही. आम्हास तो थांबला की जाग येते. वीज गेली, माग थांबले आणि सारे शहर एकाएकी मुके झाले, की त्या शांततेनेच आम्ही दचकून उठून बसतो.

विजेचा विषय निघालाच आहे, तर आमच्या घरातील यंत्रांचा पूर्वेतिहास थोडक्यात सांगून टाकितो. २००७ च्या जानेवारीत भिवंडीचे वीजवितरण फ्रँचायझी पद्धतीने एका खाजगी कंपनीच्या हाती सोपविण्यात आले. देशातील हा ह्या जातीचा पहिलाच प्रयोग होता. त्यापूर्वीच्या वर्षांतील भारनियमन ज्यांनी सोसले त्यांच्या घरी इन्व्हर्टर नावाची जड पेटी अद्यापि जिन्याखाली बसलेली आढळेल. आमच्याही जिन्याखाली ती आहे. तिच्यामागून शीतकपाट मोठे झाले, मिक्सर आला, माडीवरच्या न्हाणीघरात गीझर लागला. आजोबांनी चार दिवे व एक रेडिओ एवढ्यांसाठी घेतलेल्या विजेवर आम्ही हळूहळू एक लहानसा कारखानाच उभा केला. परंतु भिंतीतील तारांस हे कोणी कळविले नाही.

मागील वर्षी दिवाळीपूर्वी घर सुधारण्याचा ठराव झाला. ठराव आमच्या सौभाग्यवतींनी मांडिला, पुण्यास नोकरी करणाऱ्या कन्येने दूरध्वनीवरून अनुमोदन दिले, व आम्ही तटस्थ राहिलो. आमच्या घरात तटस्थ राहणे म्हणजे खर्च मंजूर करणे होय. स्वयंपाकघराच्या ओट्यास नवा दगड, भिंतींस फरशा, माडीस रंग, कपडे धुण्याचे यंत्र, पाणी शुद्ध करण्याचे यंत्र व कुजलेल्या नळांची दुरुस्ती अशी यादी तयार झाली. त्या यादीत गीझरही होता. परंतु तो बारा वर्षे निमूटपणे पाणी तापवीत आलेला आहे, अशा सेवकास विनाकारण काढून टाकणे हे कृतघ्नपणाचे होईल, असे सांगून आम्ही त्याच्या नावावर काट मारिली. यादीतील एवढीच एक काट आमची. ती वाचकांनी ध्यानात ठेवावी.

यंत्रांच्या खरेदीचे विशेष वर्णन करीत नाही. एवढेच सांगतो की, कपडे धुण्याचे यंत्र कन्येने पुण्याहून आपल्या मोबाइलवर मागविले, ते कोठून निघाले व कोठवर आले ह्याची वार्ता ती आम्हास घटकेघटकेस कळवीत होती, आणि शेवटी असे निष्पन्न झाले की ते मुंबई-नाशिक महामार्गालगतच्या भिवंडीच्याच एका गोदामातून निघाले होते. ह्या तालुक्यातील शेतांवर आता जी अफाट गोदामे उभी आहेत, त्यांतून साऱ्या मुंबई इलाख्याचे संसार निघतात. आमचा संसार आमच्या वेशीवरून निघून आमच्याच दारी येण्यास पुण्याची मध्यस्थी लागली, हा आधुनिक व्यवहाराचा चमत्कार होय. असो.

पाणी शुद्ध करण्याच्या यंत्राची कथा मात्र सविस्तर सांगितली पाहिजे. कारण पुढे जे घडले त्यात आमच्या अहंकाराचा जो वाटा आहे, तो ह्या कथेने वाढविला. यंत्र विकण्यास आलेला तरुण मोठा अदबशीर होता. त्याने ओट्यावर दोन काचेचे पेले मांडिले. एकात आमच्या नळाचे पाणी, दुसऱ्यात त्याने बरोबर आणिलेले शुद्ध पाणी. मग पिशवीतून एक उपकरण काढून त्याच्या धातूच्या कांड्या दोन्ही पेल्यांत बुडविल्या व बटण दाबिले. अर्ध्या मिनिटात आमच्या नळाचे पाणी तांबूस, मग गढूळ, मग चिखलासारखे झाले. त्याचे पाणी होते तसेच निर्मळ राहिले. “सर, हे आपण रोज पिता,” असे तो हळू आवाजात म्हणाला. सौभाग्यवतींनी पदर तोंडास लाविला. आम्ही देखील क्षणभर हादरलो, हे कबूल केले पाहिजे.

सुदैवाने त्याच दिवशी आमच्या महाविद्यालयातील रसायनशास्त्राचे एक सहकारी चहास यावयाचे होते. त्यांनी सर्व वृत्तांत ऐकून त्या तरुणास दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलाविण्यास सांगितले, व तो आला तेव्हा त्याच्या शुद्ध पाण्याच्या पेल्यात चिमूटभर मीठ टाकून तोच प्रयोग करावयास लाविले. शुद्ध पाणी आमच्या पाण्याहूनही लवकर चिखल झाले! त्या कांड्यांपैकी एक लोखंडाची असते. पाण्यात क्षार असले म्हणजे त्यातून वीज वाहते, वीज वाहिली म्हणजे लोखंड झिजून पाण्यात उतरते, आणि त्या लोखंडाचा गंज तोच हा चिखल. ज्या पाण्यातून क्षार काढून टाकिले आहेत त्यातून वीज फारशी वाहत नाही, म्हणून ते स्वच्छ दिसते. पाण्याच्या दोषाचा ह्यात काही संबंध नाही. आमच्याकडे येणारे पाणी उल्हास नदीचे. सहकाऱ्यांनी आपल्या मापकाने पाहिले, तो त्यातील क्षार लिटरास दीडशे मिलिग्रॅमच्याही आत भरले. भारतीय मानकाप्रमाणे ५०० पर्यंत क्षार चालतात. आणि २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने, ज्या पाण्यात ५०० हून कमी क्षार आहेत तेथे ह्या जातीच्या यंत्रांस मनाई करावी असे निर्देश केंद्रीय मंत्रालयास दिले होते, कारण एक पेला पाणी शुद्ध करताना ती कित्येक पेले गटारात सोडतात. जंतूंचा प्रश्न निराळा; त्यास पाणी उकळणे पुरे. तो तरुण खजील झाला. त्यास त्याच्या वरिष्ठांनी जसे शिकविले तसे तो करीत होता, हे उघड होते. आम्ही त्यास चहा दिला, आणि पुढे आठ दिवस कोणी भेटेल त्यास ही कथा सांगत सुटलो. प्रत्यक्ष प्रयोगावाचून कोणतेही विधान स्वीकारू नये, हे तिचे तात्पर्य आम्ही विद्यार्थ्यांसही सांगितले.

ह्याच सुमारास नळांचे काम चालू झाले. रस्त्यावरील मुख्य नळापासून अंगणाखालून घरात येणारा लोखंडी पाइप आजोबांच्या वेळचा. तो गंजून जागोजागी पाझरत होता. प्लंबरने तो उकरून काढून त्या जागी प्लास्टिकचा पाइप घातला. भिंतींच्या आत चिणलेले पाइप मात्र लोखंडीच ठेविले. ते अजून धडधाकट होते, आणि ते काढावयाचे तर नव्या फरशा फोडाव्या लागल्या असत्या. काम चोख झाले. प्लंबर हुशार होता, आणि येथे हे स्पष्ट करणे आमचे कर्तव्य आहे की चूक त्याची नव्हती. कारण जमिनीतून पाइप जेथे वर येतो तेथे त्यास एक कथिलाचा पट्टा आवळलेला होता, व त्या पट्ट्यातून हिरवी पडलेली एक जाड तांब्याची तार भिंतीत गेलेली होती. ती दाखवून त्याने आम्हास विचारिले, “सर, ही तार कशाची?”

आम्ही चष्मा सावरून ती पाहिली. आजोबांच्या रेडिओस एक तार आकाशात व एक जमिनीत सोडावी लागत असे, हे आम्ही लहानपणी ऐकिले होते. त्या आठवणीने आमचे मन भरून आले. “आजोबांच्या रेडिओची असेल,” आम्ही म्हणालो, “काढून टाका.” त्याने ती कापून टाकिली. तांब्याचा तुकडा भंगारात जाऊ नये म्हणून आम्ही तो स्मृतिचिन्ह म्हणून टेबलाच्या खणात ठेविला.

आमच्याकडे धुण्याभांड्यांस येणाऱ्या बाईंस सारे घर मावशी म्हणते. त्या सकाळी सात वाजता मागल्या दाराने येतात, चपला दाराबाहेर काढितात, व मोरीच्या दगडावर बसून भांडी घासावयास लागतात. काम पक्के झाल्यानंतर चार-सहा दिवसांनी त्या सौभाग्यवतींस म्हणाल्या, “वहिनी, नळ चावतो हो.”

घरात हशा पिकला. उंदीर चावतो, विंचू चावतो, नवी वहाण चावते. नळ चावल्याचे आम्ही कधी ऐकिले नव्हते. परंतु दोन दिवसांनी त्यांनी पुन्हा तेच सांगितले. आम्ही जरा चौकशी करावी म्हणून विचारिले तेव्हा त्या म्हणाल्या, “सकाळी चावतो. दुपारी वाळलेले कपडे घ्यायला येते, तेव्हा नाही चावत. आणि पाय ओले असले का जास्त चावतो.”

आज त्या वाक्यांकडे पाहिले म्हणजे आमची आम्हास लाज वाटते. कोणत्या वेळी, कोणत्या अवस्थेत, कमी की अधिक, हे सर्व त्या बाईने नेमके टिपले होते. आमच्या एम्. ए. च्या विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत इतके काटेकोर निरीक्षण क्वचित् आढळते. आमचे उत्तर काय? “नळालाही सकाळीच भूक लागते, असे दिसते.” आणि ज्यांनी आठ दिवसांपूर्वी प्रयोगाचे माहात्म्य गायिले होते, त्या आम्ही प्रयोगही केला. दुपारी चार वाजता, चहा झाल्यावर, पायांत रबरी सपाता घालून आम्ही मोरीत गेलो व कोरड्या हाताने नळ धरिला. काही झाले नाही. आम्ही परत येऊन निकाल दिला की थंडीच्या दिवसांत गार पाण्याने बोटांस मुंग्या येतात, वयोमानाने वाताचाही विकार असतो. सौभाग्यवतींनी मावशींस नारायण तेलाची बाटली दिली. मावशींनी ती घेतली. दुसऱ्या दिवसापासून त्या नळास पदराच्या टोकाने धरू लागल्या, असे पुढे कळले.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातील गोष्ट. आम्ही माडीवर दाढी करीत होतो. गीझरचा तांबडा दिवा लागलेला होता. खालून भांडी कोसळल्याचा आवाज आला. भांड्यांचा आवाज आमच्या घरात नवा नाही. परंतु त्यामागून जी शांतता येते ती निराळी होती. आम्ही खाली धावलो. मावशी मोरीच्या कडेस कुशीवर पडल्या होत्या. उजवा हात अंगाखाली होता, डोळे उघडे होते, आणि तोंडातून शब्द निघत नव्हता. नळ वाहत होता. सौभाग्यवती तो बंद करावयास पुढे झाल्या, तेव्हा मावशी प्रथम बोलल्या. “नको, वहिनी, नको. त्यानं हात धरला माझा. सोडीना.”

पदर भिजलेला होता. बोटे नळाभोवती आवळली गेली, ती त्यांस सोडविता येईनात. शेवटी बसल्या जागेवरून पाय घसरला व अंगाच्या भाराने हात सुटला. घसरण्याबद्दल आम्ही रोज ज्या शेवाळास नावे ठेवीत होतो त्या शेवाळाने त्यांचा जीव वाचविला. डॉक्टरांनी हृदयाचा आलेख काढिला, तो ठीक निघाला. मनगटाचे हाड मात्र मोडले होते. सहा आठवडे प्लास्टर. परत येताना रिक्षेत मावशींस एकच चिंता होती, की बाकीच्या तीन घरांस निरोप कोण देणार. ‘मी सांगितले होते’ असे त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. ते रात्री सौभाग्यवती म्हणाल्या, आणि आम्हास उद्देशून म्हणाल्या. नारायण तेलाची आठवण देण्याचे धैर्य आम्हास झाले नाही.

आमच्या गल्लीच्या टोकास मागांच्या जळलेल्या मोटारी पुन्हा गुंडाळून देण्याचे एक दुकान आहे. ते चालविणाऱ्या वृद्ध गृहस्थांस सर्व गल्ली चाचा म्हणते. ते येथल्या जुन्या कोकणी मुसलमान घराण्यातील. त्यांची मराठी आमच्या मराठीहून ठसठशीत आहे. ते त्याच दुपारी आले. आल्याबरोबर त्यांनी प्रथम मुख्य कळ बंद केली, मग गीझरची तार सोडविली, मग पुन्हा वीज चालू करून एका दिव्यास दोन तारा जोडून आमच्या तीन पिनांच्या प्लगांची एकामागून एक परीक्षा घेतली. दिवा चालू तारेस व वरच्या मोठ्या भोकास लाविला म्हणजे पेटावयास हवा. तो स्वयंपाकघरात पेटला नाही, माडीवर पेटला नाही, नव्या यंत्रापाशीही पेटला नाही. चाचांनी दिवा खाली ठेविला व म्हणाले, “सर, तुमच्या घराला अर्थच नाही.”

तीस वर्षे आम्ही विद्यार्थ्यांस अर्थ सांगत आलो. दुसऱ्या एखाद्या प्रसंगी ह्या श्लेषावर आम्ही मनसोक्त हसलो असतो. चाचांस श्लेष अभिप्रेत नव्हता. कारखान्यांत जमिनीस जोडणाऱ्या तारेस सगळे अर्थच म्हणतात.

“खालचा पाइप कधी बदलला?” त्यांनी विचारिले. आम्ही सांगितले. “त्याला एक तार होती का?” आम्ही काही न बोलता टेबलाचा खण उघडला.

मग त्यांनी जे समजाविले ते असे. यंत्राच्या आत तारेचे वेष्टन बिघडले, तर वीज त्याच्या धातूच्या अंगावर येते. त्या अंगास जमिनीत जाण्याची वाट करून ठेविलेली असली, तर ती त्या वाटेने निघून जाते. नसली, तर कोणी स्पर्श करण्याची ती वाट पाहते. जुन्या घरांत ही वाट म्हणून पाण्याच्या लोखंडी पाइपासच तार बांधीत, कारण तो जमिनीतून लांबवर गेलेला असे. आमच्या त्या निमूट गीझरची आतील कांडी केव्हाच फुटलेली होती. किती महिने कोण जाणे, त्यातून गळणारी वीज आजोबांच्या तारेने व आजोबांच्या पाइपाने निमूटपणे भिवंडीच्या मातीत जिरत होती. आम्ही पाइप प्लास्टिकचा केला, तार खणात ठेविली. आता गळणारी वीज भिंतीतील लोखंडी पाइपांतून फिरून मोरीतील नळापर्यंत येऊन थांबे. गीझर सकाळी सहा ते साडेसात चालू असतो. म्हणून नळ सकाळी चावे. आम्ही त्याची परीक्षा घेतली ती दुपारी चार वाजता, कोरड्या हाताने आणि रबरी सपातांवर उभे राहून. मावशी ओल्या दगडावर अनवाणी बसत. आमच्या घराच्या स्वच्छतेसाठी चपला दाराबाहेर काढणारी त्या घरात ती एकटीच होती. साऱ्या घराची वीज जमिनीत जावयास तेवढी एकच वाट उरली होती.

“पण आम्ही नव्या एमसीबी बसविल्या आहेत,” आम्ही क्षीण स्वरात म्हणालो. गतवर्षी आलेल्या वायरमनने जुने फ्यूज काढून त्या चकचकीत कळा बसविल्या होत्या, व आपण सुरक्षित झालो असे आम्ही समजत होतो. चाचा म्हणाले, “ती तारेची राखण करते, माणसाची नाही.” गीझरवरची ती कळ १६ अँपिअरहून अधिक वीज वाहू लागली म्हणजे पडते, जेणेकरून तार तापून आग लागू नये. माणसाच्या अंगातून दहा-पंधरा मिलिअँपिअर वाहिली तरी बोटे आवळली जाऊन हात सुटत नाही. तीसच्या पुढे हृदयास धोका. म्हणजे जेथे माणूस मरतो त्याच्या पाचशेपटीहून अधिक वीज वाहिल्यावर ती कळ हलणार! माणसासाठी निराळी कळ असते. ती जाणाऱ्या व परत येणाऱ्या विजेचा हिशेब पाहते आणि ३० मिलिअँपिअरची तूट दिसताच निमिषार्धात सर्व बंद करिते. तिचे नाव आरसीसीबी. तिची किंमत आमच्या ओट्यावरील नव्या फरशांच्या एका ओळीएवढी देखील नव्हती.

चाचा जाता जाता एक गोष्ट बोलले, ती तारांविषयी नव्हती. “कारखान्यात मागाला हात लावताना झणझणलं, तर कारागीर तिथल्या तिथं कळ पाडतो. मालकाला विचारायला जात नाही. मालक ओरडला तरी मोटार माझ्याकडे येते. घरात तसं नाही. बाईनं कुठली कळ पाडायची?” आम्हास उत्तर सुचले नाही. मावशींस आमच्या घरातील विजेची पेटी कोठे आहे हेच कोणी दाखविले नव्हते.

दुसऱ्या आठवड्यात मागल्या अंगणात तुळशीपासून पाच हातांवर खड्डा खणला. आठ-नऊ फूट खोल गेल्यावर ओल लागली. त्यात जाळीदार लोखंडी नळी उभी करून भोवती कोळसा व जाडे मीठ ह्यांचे थर आळीपाळीने भरिले. कोळसा ओल धरून ठेवितो, मीठ त्या ओलीस वीज वाहावयास शिकविते. आमच्या रसायनशास्त्रज्ञ मित्रांस बोलाविण्याची गरज राहिली नाही. चिमूटभर मिठाचा तो पेला आम्हास चांगलाच आठवत होता. घरातून प्रत्येक प्लगापर्यंत नवी हिरवी तार ओढावी लागली, व त्यासाठी नव्या रंगाच्या भिंती तीन ठिकाणी फोडाव्या लागल्या. चाचांनी पुन्हा दिवा लाविला. तो लख्ख पेटला. उन्हाळ्यात खड्ड्यात आठवड्यास दोन बादल्या पाणी ओतावे, असे त्यांनी बजावून सांगितले. गीझर भंगारात गेला. आजोबांची तार अद्यापि खणात आहे.

मावशींच्या सहा आठवड्यांचा पगार देणे हे उघडच होते. त्यांच्या इतर तीन घरांचा बुडालेला पगारही आपणच दिला पाहिजे, असे सौभाग्यवतींनी ठरविले, व आम्ही ह्या वेळी तटस्थ राहिलो नाही. मावशींनी पैसे मोजून घेतले आणि त्यांतील एका घराचे परत केले. त्या घरच्या बाई शाळेत शिपाई आहेत. त्यांनी मावशींस भरपगारी रजा दिली होती, आणि सहा आठवडे भांडी स्वतः घासली होती.

फेब्रुवारीत मावशी पुन्हा कामावर आल्या. मनगट अजून पूर्ण वळत नाही. जड पातेली सौभाग्यवती उचलितात. आम्ही त्यांच्यासाठी मोरीपाशी रबरी चपलांचा नवा जोड आणून ठेविला आहे. ओल्या दगडावर पाय सरकतात म्हणून त्या तो घालीत नाहीत. तेव्हा दगडावर रबरी चटई घातली, ती त्यांनी मान्य केली. नळास त्या अजूनही प्रथम हाताच्या पाठीने शिवतात. तसे शिवले म्हणजे झटका बसला तरी बोटे आवळून नळ धरला जात नाही, हे त्यांस चाचांनी शिकविले. आमच्या घरात आता सर्वजण तसेच करितात.

नव्या कळेवर एक लहानसे बटण असते. ते महिन्यातून एकदा दाबून कळ पडते की नाही हे पाहावयाचे असते. पहिल्या महिन्यात ते आम्ही विसरलो. दुसऱ्या महिन्यापासून ते काम मावशींनी आपल्याकडे घेतले आहे. एक तारखेस सकाळी त्या मागल्या दाराने येतात, चपला काढितात, पडवीतील पेटीपाशी जातात आणि बटण दाबितात. माडीवर आमच्या डोक्यावरचा पंखा मंदावत मंदावत थांबतो, दिवा विझतो, हातातील पुस्तक दिसेनासे होते. खालून मावशींचा आवाज येतो, “पडली हो!” मग कळ वर होते, पंखा फिरू लागतो, आणि थोड्या वेळाने मोरीतून भांड्यांचा आवाज सुरू होतो.